घरच्या मत्स्यपेटीसाठी मासे निवडताना

रविवारच्या मिस्सानंतर आवारात दोन घटका उभे राहिले की पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव आणि मुलांच्या शाळा यांवर बोलणे होते. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "मुलांच्या हट्टाखातर काचेची टाकी आणली. मासे आणतो, आठ-पंधरा दिवसांत मरतात. काय चुकते?" हा प्रश्न सांवेर-देपालपूरकडचे शेतकरीही विचारतात आणि शहरात नोकरीला असलेली त्यांची मुलेही विचारतात. म्हणून या वेळी गहू-हरभरा बाजूला ठेवून या लहान पाळीव जीवांविषयी लिहीत आहोत.

उत्तर देण्याचा अधिकार आम्हाला आमच्या स्वतःच्या चुकीने मिळाला आहे. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आम्ही तीन फुटी टाकी घरी आणली. त्याच दिवशी नळाचे पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले. दुकानदाराने रंग बघून मासे निवडून दिले: चार गोल्डफिश, चार टायगर बार्ब, दोन एंजल, चार गप्पी आणि "काच साफ करायला" एक सकर. एकूण पंधरा. पहिले दोन दिवस घर टाकीसमोरून हलेना. तिसऱ्या दिवशी टायगर बार्बांनी एंजलचे लांब पर कुरतडायला सुरुवात केली. आठवडाभरात पाणी दुधासारखे गढूळ झाले. मग थंडीची लाट आली आणि माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. तीन आठवड्यांत अकरा मासे गेले. आमच्या धाकटीने एकेक मासा पेरूच्या झाडाखाली पुरला. अकराव्या माशाच्या वेळी तिने विचारले, "यांना आपणच मारले का?" आम्ही काही बोललो नाही, परंतु उत्तर होकारार्थीच होते.

दुकानदाराला दोष देऊन चालणार नाही. गाय घेताना आपण तिचा चारा, गोठा, दूध, स्वभाव सारे विचारतो. मासे घेताना आम्ही फक्त रंग विचारला होता.

टाकी केवढी असावी?

आपण मध्यम आकाराची टाकी धरू: लांबी ३६ इंच, रुंदी १२ इंच, उंची १५ इंच. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे १०६ लिटर पाणी मावते. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता खरे पाणी ८५ लिटरच्या आसपास राहते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढचा सारा हिशेब त्यावर आहे. अशा भरलेल्या टाकीचे वजन सव्वाशे किलोच्या घरात जाते, म्हणजे पन्नास किलोच्या गव्हाच्या अडीच पोत्यांइतके. तेव्हा डुगडुगत्या टेबलावर ती ठेवू नये. उन्हाच्या खिडकीजवळही ठेवू नये. पाण्यात शेवाळ माजते आणि मे महिन्यात पाणी तापते.

पुष्कळांना वाटते की लहान बरणी सांभाळायला सोपी. प्रत्यक्षात उलटे आहे. थोडे पाणी लवकर तापते, लवकर गार होते आणि लवकर नासते. नवशिक्याला तीन फुटी टाकीच सोपी जाते.

आपले पाणी कसे आहे?

इंदूर शहरात नळाला येणारे बरेचसे पाणी नर्मदेचे आहे. १९७० साली शहरातील लोकांनी त्यासाठी आंदोलन केले आणि १९७८ साली जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर पार करून, घाट चढवून ते पाणी शहरात आले. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. आपल्याला ते हितकारक आहे, पण माशाच्या कल्ल्यांना ते जाळते. म्हणून नळाचे पाणी उघड्या बादल्यांत एक दिवस ठेवून मगच टाकीत घालावे. घाई असल्यास दुकानात क्लोरीन मारणारे औषध मिळते, त्याचे सांगितले तेवढेच थेंब घालावेत.

गावाकडे मात्र बोअरचे पाणी. माळव्याची काळी जमीन ज्या खडकावर आहे त्यातून येणारे हे पाणी बहुधा जड असते. साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो, ही त्याची खूण. जड पाणी वाईट नव्हे. काही माशांना तेच मानवते. पण निऑन टेट्रासारख्या ज्या माशांचे मूळ दक्षिण अमेरिकेतील मऊ पाण्याच्या ओढ्यांत आहे, त्यांना ते सोसत नाही. पाणी बदलण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा निवडणे हेच शहाणपण. कपाशीच्या रानात भात लावण्याचा अट्टाहास आपण करत नाही.

दुसरी गोष्ट हवामानाची. आपल्याकडे हिवाळ्यात रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि उन्हाळ्यात दुपारी चाळीसच्या वर चढतो. उष्ण प्रदेशातील माशांना २४ ते २८ अंशांचे पाणी लागते. असे मासे ठेवायचे तर हिवाळ्यात हीटर हवाच. ८५ लिटरला १०० वॅटचा पुरतो. उन्हाळ्यात अडचण वेगळी. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर ३० अंशांना साडेसातच. मे महिन्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर खाणे कमी करावे, हवेचा पंप अखंड चालू ठेवावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा येऊ द्यावा.

खत मुरते तसे पाणीही मुरावे लागते

आमचे मासे मुख्यतः या एका अज्ञानाने मेले. शेतकऱ्याला हे समजायला कठीण नाही. ताजे शेण रोपाच्या मुळाशी घातले तर रोप जळते, तेच शेण खड्ड्यात मुरले की खत होते. मुरवण्याचे काम जिवाणू करतात.

टाकीतही हेच घडते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य असते. आपल्या शेतात युरिया घातल्यावर जमिनीत चालते तेच हे चक्र. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून टाकी भरून फिल्टर चालू करावा आणि मासे न सोडता रोज चिमूटभर खाणे तेवढे टाकत राहावे. ओळखीच्या कोणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. दह्याला विरजण लावावे तसे काम लवकर होते. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याच्या पट्ट्या किंवा थेंब मिळतात. दोन्ही शून्य दिसले की पाणी मुरले असे समजावे. या काळात टाकीवर झाकण किंवा बारीक जाळी असू द्यावी. मासे नसलेले उघडे पाणी म्हणजे डासांना आमंत्रण, आणि डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी, म्हणजे वीसेक लिटर, बदलावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. स्पंज नळाखाली धुऊ नये, काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर जिवाणू मरतात. काढलेले पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असते. आमच्या परसातील कोथिंबीर आणि गुलाब त्यावरच पोसले आहेत.

कोणते मासे निवडावेत?

ढोबळ नियम असा: माशाच्या पूर्ण वाढीच्या दर इंचाला चार लिटर पाणी. दुकानात दिसतो तो आकार नव्हे, मोठा झाल्यावर होणारा आकार धरायचा. आपल्या ८५ लिटरमध्ये एकूण एकवीस इंच मासे बसतात. हा नियम लहान, सडपातळ माशांनाच लागू आहे. त्यातून आम्हाला पटलेल्या तीन जोड्या देत आहोत.

पहिली जोडी, आपल्या मातीची. सहा झेब्रा आणि पाच रोझी बार्ब. झेब्रा दीड इंचाचा, अंगावर निळे पट्टे असलेला, दिवसभर पळणारा मासा. रोझी बार्ब अडीच इंचाचा, नर लालसर तांबूस. दोघेही गंगेच्या खोऱ्यातील. फ्रान्सिस हॅमिल्टन या संशोधकाने गंगेतील माशांवर १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दोघांचेही वर्णन केले आहे. इंदूरच्या कान्ह आणि सरस्वती या नद्यांचे पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना असे करत शेवटी गंगेलाच मिळते. आपण पितो नर्मदेचे, पण राहतो गंगेच्या खोऱ्यात, असा हा योग आहे. या माशांना थोडी थंडी सोसते, त्यामुळे घरात ठेवलेल्या टाकीला बहुधा हीटर लागत नाही. मात्र कडाक्याच्या थंडीत पाणी १८ अंशांच्या खाली जाऊ लागले तर लावावा. झेब्रा हा मासा आज जगभरातील प्रयोगशाळांत माणसाच्या रोगांच्या अभ्यासासाठी पाळला जातो. नवशिक्याने याच जोडीने सुरुवात करावी असे आमचे मत आहे.

दुसरी जोडी, बोअरच्या पाण्याची. तीन मॉली (एक नर, दोन माद्या) आणि पाच प्लॅटी. मॉली तीन इंच, प्लॅटी दोन इंच. दोघांनाही जड पाणी मानवते. हिवाळ्यात हीटर हवा. हे मासे अंडी घालत नाहीत, थेट पिले देतात. म्हणून एकोणीस इंचांवरच थांबावे आणि पिलांसाठी जागा राखावी. पिले वाढली तर कोणाला देणार हे आधीच ठरवावे.

तिसरी जोडी, शांत स्वभावाची. सहा नर गप्पी आणि तळाशी राहणारे सहा कोरिडोरास. नळाचे पाणी फार जड नसेल तर आणि हीटर असेल तर ही टाकी फार देखणी दिसते. गप्पीच्या माद्या टाळल्या की संख्या आटोक्यात राहते. कोरिडोराससाठी वाळू बारीक आणि गुळगुळीत असावी, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात.

झेब्रा, बार्ब, कोरिडोरास हे कळपाने राहणारे मासे आहेत. एकेकटा आणला तर तो कोपऱ्यात दबून बसतो किंवा इतरांना त्रास देतो. "प्रत्येक रंगाचा एक" ही हौस माशांच्या जिवावर येते.

सगळे मासे एकाच दिवशी सोडू नयेत. एक कळप आधी, दुसरा तीन आठवड्यांनी. पिशवी पंधरा मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग तिच्यात थोडे थोडे टाकीचे पाणी घालावे आणि शेवटी मासा जाळीने सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

कोणते मासे टाळावेत?

गोल्डफिश. दुकानात दोन इंचाचा, पण आखूड अंगाच्या जातीही पाच-सहा इंच वाढतात आणि घाण फार करतात. त्यांना गार पाणी आवडते, म्हणून इतरांशी मेळ बसत नाही. पाळायचेच तर तीन फुटी टाकीत आखूड अंगाचे दोनच, दुसरा मासा नको. काचेच्या गोल भांड्यात तर मुळीच नको.

टायगर बार्ब. मासा सुंदर, पण लांब परांच्या माशांना कुरतडतो. एंजल किंवा गप्पीबरोबर ठेवू नये.

एंजल. उंच टाकी हवी, आणि मोठा झाला की निऑनसारखे लहान मासे गिळतो.

ऑस्कर. फूटभर वाढतो. तीन फुटी टाकी म्हणजे त्याला तुरुंग.

सकर. काच साफ करतो म्हणून घरोघर देतात. हा दीड फुटापर्यंत वाढणारा दक्षिण अमेरिकी मासा आहे. त्याच्याविषयी पुढे सांगतो.

शेतकऱ्याच्या घरी घ्यावयाची विशेष काळजी

पुस्तकांत सहसा न सापडणारी ही गोष्ट आमच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. पिकावर फवारायची बहुतेक कीटकनाशके माशांना अतिशय विषारी असतात. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधे तर पाण्यात अगदी अत्यल्प गेली तरी मासे मरतात. सोयाबीनवर फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ करून, कपडे बदलून, हात साबणाने दोनदा धुतल्याशिवाय टाकीला हात लावू नये. फवारणीचा पंप किंवा औषधाचे डबे टाकीच्या खोलीत ठेवू नयेत. फवारणीसाठी वापरलेली बादली टाकीच्या पाण्याला कधीच वापरू नये, त्यासाठी वेगळी बादली रंगाने खूण करून ठेवावी. डास मारायची उदबत्ती, फवारा आणि प्लगमध्ये लावायचे द्रव यांतही याच जातीची औषधे असतात. टाकीच्या खोलीत त्यांऐवजी मच्छरदाणी बरी. बोर्डो मिश्रणातील तांबेही माशांना घातक असते, तेव्हा तांब्याच्या हंड्यात साठवलेले पाणी टाकीत ओतू नये.

थोडे थांबून विचार केला तर ध्यानात येईल की टाकीतला मासा जे सांगतो तेच आपल्या विहिरीतला आणि शेततळ्यातला मासाही सांगत असतो. फवारणीनंतर शेततळ्यात मासे उलटे पडले तर ते पाणी जनावरांनाही पाजू नये.

वीज गेली तर घाबरू नये. मासे मोजके असतील तर चार-सहा तास सहज निघतात. अधूनमधून तांब्याभर पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीत ओतावे, म्हणजे हवा मिसळते. या वेळी खाणे घालू नये.

आपले आरोग्य

टाकीत हात घालण्याआधी हीटर आणि पंपाचे बटण बंद करावे. वायर खाली झोळ देऊन मग बोर्डाकडे न्यावी, म्हणजे थेंब बोर्डात न जाता झोळाच्या टोकाला गळतात. लहान मुलांना एकट्याने हात घालू देऊ नये.

हाताला जखम असेल तर टाकीचे काम दुसऱ्याकडे द्यावे. क्षयाच्या जंतूचा एक दूरचा भाऊबंद अशा पाण्यात असू शकतो. जखमेतून तो शिरला तर हातावर गाठ किंवा व्रण होतो आणि आठवडेच्या आठवडे बरा होत नाही. असे झाल्यास डॉक्टरांना "आम्ही मासे पाळतो" हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान लवकर होते.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग थंडीत पाणी एकदम गार झाले की उचल खातो. पाण्याचे तापमान दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवून ३० अंशांवर न्यावे, हवेचा पंप वाढवावा आणि दुकानातील औषध प्रमाणात द्यावे. रोज फक्त दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे. उपाशी राहून मेलेल्या माशांपेक्षा जास्त खायला घालून मारलेले मासे आम्ही अधिक पाहिले आहेत.

तलावात सोडू नका

आमच्या पहिल्या टाकीतून वाचलेल्यांपैकी एक तो सकर होता. तीन वर्षांत तो फुटापेक्षा मोठा झाला. वळताना त्याची शेपटी काचेवर आपटे. एका स्नेह्यांनी सुचवले, "यशवंत सागरात सोडून द्या, बिचारा मोकळा होईल." सल्ला दयेचा वाटला. आम्ही बादली काढलीही होती.

बरे झाले, थांबलो. गंभीर नदीवरील यशवंत सागर आणि शहराजवळचे सिरपूर तळे या दोन्ही पाणथळ जागांना २०२२ साली रामसर स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. सकर मासा अशा पाण्यात गेला की काठ पोखरून बिळे करतो, देशी माशांचे खाणे संपवतो आणि त्याच्या काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात. भारतातील अनेक तलावांत आणि नद्यांत तो आज पसरला आहे, आणि तो कोणाच्या तरी टाकीतूनच गेला आहे. २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात उत्तर अमेरिकेतील अलिगेटर गार हा हिंस्र मासा सापडला, तोही हौसेच्या व्यापारातून आलेला.

गप्पीचेही तसेच. डास आटोक्यात ठेवण्यासाठी हा मासा १९०८ साली भारतात आणला गेला आणि गंबुसिया १९२८ साली. बंद हौदात ते डासांच्या अळ्या खातात हे खरे, परंतु ओढ्या-नाल्यांत गेल्यावर देशी माशांना जड जातात. तेव्हा विहीर, ओढा, तलाव, शेततळे यांत टाकीतला कोणताही मासा सोडू नये. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्याला द्यावा. आमचा सकर सहा फुटी टाकी असलेल्या एका दुकानदाराने फुकट ठेवून घेतला. आम्ही त्याबद्दल त्याचे आजही आभार मानतो.

शेवटी

टाकी घ्यायची असेल तर क्रम असा ठेवा: आधी जागा, मग टाकी, मग पाणी मुरवणे, आणि मासे सर्वांत शेवटी, सुमारे दीड महिन्याने. मुलांना या थांबण्याचा कंटाळा येतो. त्यांच्या हातात तपासणीच्या पट्ट्या द्या आणि रोजचा आकडा भिंतीवरील कॅलेंडरवर लिहायला सांगा. आमच्या धाकटीने दुसऱ्या वेळी तेच केले. चाळीसाव्या दिवशी तिने स्वतः सांगितले की आता पाणी तयार आहे. मग आम्ही सहा झेब्रा आणले. पहिला हिवाळा संपला तेव्हा तिने ते मोजून दाखवले. सहाच्या सहा होते.